मॅक्रोमध्ये जास्त भाग शार्प कसा आणायचा: सडा, बाग आणि खडप

सडे (कोकणातली कातळाची पठारं) फुलायला लागले की मॅक्रोबद्दल, म्हणजे बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपण्याबद्दल, दरवर्षी हाच प्रश्न येतो. सीतेच्या आसवांचा फोटो काढला, एक पाकळी शार्प आली आणि बाकीचं फूल धूसर, किंवा कोळ्याचे डोळे आले पण पाय गेले, तर आता कुठली लेन्स घेऊ? माझं म्हणणं असं की लेन्स आहे तीच ठेवा, आधी कॅमेरा धरायचा कोन बदला. मग अंतर, मग अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक), मग फ्लॅश, आणि हे सगळं करूनही भागलं नाही तरच स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं. बहुतेक जण बरोब्बर उलट्या बाजूने येतात, सुरुवातच एफ२२ पासून (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक) करतात नाहीतर व्हिडिओ बघून थेट शंभर फोटोंचा स्टॅक करायला बसतात, आणि जे काम मनगट जरासं वळवून झालं असतं त्याच्यासाठी रात्रभर कॉम्प्युटरसमोर बसतात.

थोडा हिशोब आधी करूया, कंटाळा करू नका, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा असतो, सेन्सर साधारण २३ मिमी रुंद. १:१ म्हणजे वस्तू आहे त्याच मापाची सेन्सरवर पडते, म्हणजे फ्रेममध्ये आडवी २३ मिमी जागा मावते. आता एफ८ ला शार्प दिसणारी जाडी, म्हणजेच डेप्थ, किती मिळते बघा (०.०२ मिमी पर्यंतचा धूसर ठिपका आपण शार्प धरतो असं मानून): पाव आकारात, म्हणजे १:४ ला, साधारण ६.४ मिमी. १:२ ला १.९ मिमी. १:१ ला ०.६४ मिमी. आणि २:१ ला, म्हणजे दुप्पट आकारात, गेलात तर ०.२४ मिमी, म्हणजे पाव मिलिमीटरसुद्धा नाही. आंब्यावरच्या मोठ्या तांबड्या मुंगीची, ज्यांना कुणी ओंबील म्हणतं कुणी हुमले म्हणतं, त्यांची लांबी ८ ते १० मिमी असते. तिच्याकडे समोरून १:१ ने बघितलं तर डोळ्यापासून शेपटापर्यंत दहा मिलिमीटर आणि आपल्या हातात अर्ध्याच्या थोडी वर. कितीही महाग लेन्स घेतली तरी हे गणित बदलत नाही.

लेन्सवरून आठवलं, ६० मिमीच्या लेन्सला १०० मिमीपेक्षा जास्त डेप्थ मिळते असं खूप जण सांगतात. वस्तू फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवली आणि अपर्चर तेच ठेवलं तर दोन्हीची डेप्थ जवळजवळ सारखीच येते. १०० चा फायदा वेगळा आहे, किड्यापासून लांब राहता येतं आणि मागची जागा कमी दिसते म्हणून बॅकग्राउंड स्वच्छ येतं.

कोन

फोकसची पट्टी सेन्सरला समांतर असते, सपाट आणि पातळ, उन्हात वाळत घातलेल्या आंबापोळीसारखी. तुमचं काम एवढंच की किड्याचा जास्तीत जास्त भाग त्या पोळीत बसवायचा. पोळी जाड करायचे उपाय नंतर.

हे किती नाजूक आहे त्याचा अंदाज घ्या. दहा मिमी लांबीची मुंगी पानावर आडवी चाललीये, तुम्ही बाजूने फोटो घेताय. कॅमेरा फक्त ५ अंश तिरका असला तर तिच्या डोक्यात आणि शेपटात खोलीचा फरक ०.८७ मिमी पडतो. १० अंश तिरका असला तर १.७ मिमी. १:१ ला एफ११ वर आपल्याला मिळते साधारण ०.८८ मिमी. म्हणजे पाच अंशाच्या चुकीनेच सगळी डेप्थ खाल्ली, आणि पाच अंश डोळ्याला जाणवतसुद्धा नाहीत. त्यामुळे एक फोटो काढा, झूम करून बघा, डोकं शार्प आणि शेपूट गेलंय का उलटं झालंय ते पाहून कॅमेऱ्याची मागची बाजू थोडी फिरवा, परत काढा. किडा पळायच्या आत दोन-तीन वेळा एवढं केलंत तरी फोटो कुठल्याकुठे सुधारतो.

प्रत्येक जिवाची एक सपाट बाजू असते, ती शोधायची. टाचणी (चतुरासारखाच पण बारीक किडा) बसली की बाजूने, कारण तिचं अंग एका काडीसारखं सरळ असतं आणि पंख बऱ्याचदा पाठीवर मिटलेले. चतुर पंख पसरून बसतो म्हणून तो वरून, पण वरून म्हणजे नेमका पंखांच्या पातळीला काटकोनात, नाहीतर दोन पंख येतात आणि दोन जातात. फुलपाखरू पंख मिटून बसलं की बाजूने, उघडून बसलं की वरून. आणि जाळ्यात नक्षी काढणारा तो सिग्नेचर कोळी तर शिकायला सगळ्यात चांगला, जाळं सपाट, कोळी जाळ्याला चिकटून पाय चारी दिशांना पसरून बसलेला, आणि हलत नाही. जाळ्याला समांतर कॅमेरा धरलात तर एका फोटोत आठही पाय शार्प येतात. नवीन मॅक्रो लेन्स आणली असेल तर पहिले काही दिवस ह्याच्यावरच घालवा. पावसाळा सरता सरता गडग्यावरच्या झुडपात, काजूच्या बागेत कुठेही सापडतो.

सड्यावरच्या फुलांचं वेगळं. सीतेची आसवं जेमतेम एक सेंटीमीटरचं फूल, पण खोली बऱ्यापैकी, वरची पाकळी मागे, खालची पुढे, आणि खाली ती शेपटी. समोरून घेतलंत तर काहीतरी जाणारच. बाजूने घेतलंत तर फुलाचा सगळा आकार एका पातळीत येतो आणि शेपटीसुद्धा दिसते. गेंदाचे पांढरे गोल मात्र कुठूनही गोलच, तिथे अर्ध्या गोलाच्या पुढच्या तोंडावर फोकस ठेवा आणि कडा थोड्या मऊ आल्या तरी चालतं. त्या सगळ्यासाठी पोटावर झोपावं लागतं, सडा कातळाचा आणि ओला असतो, एक प्लास्टिकचा कागद बरोबर ठेवा. आणि झोपायच्या आधी खाली बघा, कारण ज्या फुलाचा फोटो घ्यायचाय त्याच्याच शंभर भावंडांवर आपण कोपर टेकतो. सड्यावरची माती बोटभर पण नसते, एकदा उखडली की त्या जागी परत धरायला वेळ लागतो.

आणि जेव्हा सपाट बाजूच नको असते, म्हणजे चेहराच हवा असतो, तेव्हा ठरवून टाका की डोळा शार्प आणि बाकी जाऊ दे. डोळा आणि त्याच्या पुढचं तोंड आलं तर बघणाऱ्याला काही गेलंय असं वाटत नाही. पुढचा पाय शार्प आणि डोळा धूसर हे मात्र कुणालाच आवडत नाही.

थोडं मागे सरका

वरचे आकडे परत बघा, १:१ वरून १:२ वर आलात की डेप्थ तिप्पट होते. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तो फोटो क्रॉप करून परत तेवढाच मोठा केलात तर तिपटीचं दीडपट उरतं, कारण धूसरपणाही क्रॉपबरोबर मोठा होतो. तरी दीडपट काही कमी नाही, आणि २४ मेगापिक्सेलचे ६ उरले तरी मोबाईलवर बघायला ते भरपूर आहेत. पण माझं खरं सांगणं असं की क्रॉप कमी करा. मुंगी तिच्या पानासकट दाखवा, दवबिंदूचं झाड त्याच्या चिकट थेंबांसकट आणि अडकलेल्या चिलटासकट पूर्ण दाखवा. दवबिंदू पाव आकारातच जास्त सुंदर दिसतो आणि तिथे सहा मिलिमीटर डेप्थ फुकट मिळते. किडा फ्रेमभर कोंबला म्हणजेच मॅक्रो असं काही नाही.

अपर्चर

आता येऊया एफ२२ कडे. जवळ गेलं की लेन्सवर लिहिलेला आकडा खरा राहत नाही. १:१ ला तो साधारण दुप्पट धरायचा, एफ८ लावलात तर सेन्सरपर्यंत एफ१६ इतकाच प्रकाश पोचतो आणि डिफ्रॅक्शनही एफ१६ इतकं होतं. निकॉनवर मॅक्रो लेन्स जवळ नेली की आकडा आपोआप वाढलेला दिसतो, कारण तो कॅमेरा हा खरा आकडा दाखवतो. कॅननवर लेन्सचाच आकडा दिसत राहतो, म्हणून दोन मित्र शेजारी बसून वेगवेगळे आकडे सांगतात आणि भांडतात.

डिफ्रॅक्शन म्हणजे प्रकाश बारीक भोकातून जाताना पसरतो, आणि एका बिंदूचा ठिपका होतो. १:१ ला तो ठिपका एफ८ वर साधारण ०.०२ मिमीचा, एफ११ वर ०.०३, एफ२२ वर ०.०६. आपण शार्प म्हणायला ०.०२ धरलंय. म्हणजे एफ२२ ला डेप्थ मिळते खरी, पण सगळंच सारखं मऊ होतं, मुंगीच्या अंगावरची लव दिसेनाशी होते. म्हणून एपीएस-सी वर १:१ ला एफ८ ते एफ११. मोबाईलवरच टाकायचा फोटो असेल तर एफ१६ चालवून घ्या. २:१ ला जात असाल तर एफ५.६ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही, तिथे आकडा दुप्पट नाही तिप्पट होतो.

ज्यांनी झूम लेन्सपुढे रेनॉक्सची डीसीआर-२५० (लेन्सच्या तोंडावर अडकवायचं भिंग) लावलीये त्यांच्यासाठी हे थोडं वेगळं आहे आणि ते कुणी सांगत नाही. पुढे भिंग लावलं आणि मूळ लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला, ठेवली की आकडा दुप्पट होत नाही, एफ१६ म्हणजे एफ१६ च. त्यामुळे मॅक्रो लेन्सवाला एफ८ लावतो तिथे तुम्ही बिनधास्त एफ१६ लावा, डेप्थ तीच आणि शार्पनेस तसाच. तिची ताकद ८ डायॉप्टर आहे, म्हणून किड्यापासून साधारण १२ सेंटीमीटरवरच फोकस होतो, आणि मोठं-छोटं करायचं ते झूमने करायचं: १२५ मिमीला १:१, २५० मिमीला २:१. सुरुवात १०० च्या खालीच करा. बरेच जण २५० ला लावून बसतात, पाव मिलिमीटरच्या पट्टीत किडा शोधतात आणि भिंगाला नावं ठेवतात.

फ्लॅश आणि डिफ्यूझर

एफ११ म्हणजे काळोख. आंब्याच्या बागेत सकाळी सावलीत एवढ्या अपर्चरला शटर १/१५ वगैरे येतं, हातात धरून काही होत नाही. त्यामुळे फ्लॅश. फ्लॅश म्हटलं की लोकांना कडक, पांढरे, चकाकणारे फोटो आठवतात, पण तो दोष डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा, नसण्याचा आहे. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२००, एफ११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश पावर १/८ च्या आसपास, तिथून कमीजास्त करा. एवढ्या कमी पावरला फ्लॅशचा चमकारा सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो, त्यामुळे तुमचा हात हलला काय आणि पान हललं काय, फोटो गोठतो. म्हणजे अपर्चर बारीक करायची मुभा खरं तर फ्लॅश देतो.

डिफ्यूझरसाठी पैसे घालवू नका. टीव्ही-मिक्सरच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोमचा कागद, लेन्सच्या पुढच्या तोंडावर कमान करून रबरबँडने अडकवा, फ्लॅशचा उजेड त्याच्यावर पडू दे. मोठा हवा आणि किड्याच्या जवळ हवा, ह्या दोन गोष्टी सांभाळल्यात की पुरे. चकचकीत भुंग्यावर तुमच्या डिफ्यूझरचं प्रतिबिंबच दिसतं, त्यामुळे त्याला चुण्या पडू देऊ नका. पावसात तो भिजून लोंबतो, एक जास्तीचा पिशवीत घडी करून ठेवायचा.

वारा आणि हात

आपल्याकडे समुद्राजवळ वारा ठरल्या वेळेने वागतो, त्याचा फायदा घ्या. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, ऊन तापलं की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, आणि ह्या दोघांच्या मधे, सकाळी, हवा अगदी पडते. पावसाळ्यात हे गणित चालत नाही, तेव्हा नैऋत्येचा वारा सगळ्यावर मात करतो, पण ऑक्टोबरपासून पुढे सकाळचा तो वेळ सोन्यासारखा असतो. किडेही गार असतात, चतुर-टाचण्यांच्या अंगावर दव असतं आणि ते लगेच उडत नाहीत. स्टॅकिंग करायचं तर त्याच वेळात.

वारा असलाच तर एक लांब काठी मातीत रोवा आणि तिला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधा, चिमट्यात फांदी धरा, फूल असलेला देठ नव्हे. किंवा हातानेच: डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी धरायची आणि त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवायची. म्हणजे काडी हलली तर कॅमेराही बरोबर हलतो, दोघांतलं अंतर तेच राहतं. हातात धरून मॅक्रो करणाऱ्यांची ही सगळ्यात कामाची युक्ती आहे. फक्त ओंबीलांच्या फांदीला हे करू नका, मनगटावरून शर्टात जातात आणि चावल्या की कॅमेरा हातातून सुटतो. तिथे लांबूनच, आणि त्यांच्या घरट्याखाली उभं राहून तर नाहीच.

ऑटोफोकस बंद. लेन्सवर किती मोठं हवंय ते आधी ठरवून रिंग तिथेच सोडायची आणि अंगानेच पुढे-मागे व्हायचं, कोपरं बरगड्यांना टेकवून, हळू. डोळा शार्प होताना दिसला की दाबायचं.

स्टॅकिंग

हे सगळं केलंत आणि तरी चेहरा आणि पाठ दोन्ही हवंय, तर आता स्टॅकिंगची वेळ आली. एकाच फ्रेमचे, फोकस थोडाथोडा सरकवत, बरेच फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरला प्रत्येकातला शार्प भाग घेऊन एक करायला लावायचं. इथेही कोन आधी नीट केलेला असला तर पाच फोटोंत काम होतं, नाहीतर तीस लागतात, आणि जिवंत किडा तीस फोटोंइतका वेळ थांबत नाही.

किती फोटो लागतील ते आधी काढता येतं. समजा पानावर उडी मारणारा कोळी तुमच्याकडे बघतोय, पुढच्या पायापासून पाठीपर्यंत ५ मिमी. १:१ ला एफ५.६ वर डेप्थ साधारण ०.४५ मिमी. प्रत्येक दोन फोटोंत थोडा भाग दोन्हीकडे यायला हवा, म्हणून ०.३ मिमीची पायरी धरा, म्हणजे १७ फोटो. पुढे-मागे थोडे जास्तीचे धरून २० ते २५. एफ११ का नाही म्हणाल, तर डेप्थ आता फोटोंच्या संख्येतून येतेय, मग अपर्चर तिथे ठेवा जिथे लेन्स सगळ्यात शार्प आहे, एफ५.६ ते एफ८. बॅकग्राउंडही मऊ राहतं, हा स्टॅकिंगचा फायदा मला सगळ्यात आवडतो.

कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (कॅमेरा स्वतःच फोकस सरकवत फोटो काढतो) असेल तर सोपं. निकॉनने डी८५० मध्ये त्याला फोकस शिफ्ट म्हटलं, कॅननच्या आरपी पासून पुढच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आहे, ऑलिम्पसच्या काही मॉडेलांत तर कॅमेराच जोडून देतो. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यावेळी इलेक्ट्रॉनिक शटर चालतं आणि फ्लॅश पेटत नाही, तेवढं तपासून घ्या, कारण मग नुसत्या उजेडावर काम, म्हणजे परत तो सकाळचा वारा पडलेला वेळ. फोकस वस्तूच्या जरा अलीकडे सुरू करायचा आणि पलीकडे संपवायचा. जास्तीचे फोटो टाकून देता येतात, पण मधला एक राहिला तर अंगावर धूसर पट्टा येतो आणि तो कशानेच जात नाही. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळं मॅन्युअल, नाहीतर प्रत्येक फोटो वेगळ्या रंगाचा.

ब्रॅकेटिंग नसेल तर १:१ पर्यंत फोकस रिंग हलकेच फिरवत, आणि त्याच्या पुढे कॅमेरा रेलवर (पुढे-मागे सरकणाऱ्या पट्टीवर) बसवून, स्क्रूने सरकवत. हातात धरूनही होतं: बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) लावा, शार्प पट्टी किड्याच्या अलीकडे ठेवा, आणि श्वास सोडत अंग अगदी हळू पुढे झुकू द्या, पट्टी त्याच्या अंगावरून पलीकडे जाईपर्यंत. वर-खाली सरकलात तर सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, पण तिरके झालात तर नाही. फ्लॅश प्रत्येक वेळी पेटायला हवा, म्हणून पावर आणखी कमी, १/१६ किंवा १/३२, आणि आयएसओ वाढवा.

जोडण्यासाठी झिरीन स्टॅकर आणि हेलिकॉन फोकस ही दोन मुख्य, फोटोशॉपमध्येही लेयर अलाइन करून मग ब्लेंड करता येतं, साध्या स्टॅकला ते पुरतं. झिरीनमध्ये दोन पद्धती आहेत, पीमॅक्स आणि डीमॅप. केस, मिशा, एकमेकांवरून जाणारे पाय असतील तर पीमॅक्स, कारण तो बारीक रेषा सोडत नाही, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतो. पाकळी, पंख, गुळगुळीत पाठ असेल तर डीमॅप, रंग जसेच्या तसे राहतात. मी दोन्ही करून डीमॅपवर पीमॅक्सचे केस ब्रशने चढवतो. पुढची मिशी मागच्या अंगावरून गेली असेल तिथे कडेला एक धूसर प्रभावळ येते, ती पण त्याच ब्रशने, मूळ फोटोतून, हाताने काढायची. ह्याला वेळ जातो आणि जाऊ द्यावा, घाईत केलेला स्टॅक लगेच ओळखू येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. किडा हलू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवणं, चिकटवणं, त्याच्यावर काही फवारणं, हे प्रकार करू नका. बेडकाला उचलून चांगल्या पानावर बसवणं पण नको, त्याची कातडी ओली आणि नाजूक, आपल्या हाताला घाम, मीठ आणि ओडोमॉस. स्टॅक नाही जमला तर एका फोटोवर समाधान मानावं.

मोबाईलवाल्यांसाठी

मोबाईलचा सेन्सर बारीक, त्यामुळे डेप्थ मुळातच जास्त मिळते, दुःख करू नका. अपर्चर बहुतेक फोनमध्ये बदलता येत नाही, म्हणजे तुमच्या हातात कोन आणि अंतर दोनच गोष्टी. क्लिपचं भिंग लावलं असेल तर एकदम जवळ जाऊ नका, २ एक्स वर ठेवून थोडं लांबून घ्या. फोकस बोटाने दाबून लॉक करा आणि मग फोन पुढे-मागे करा. त्या क्लिपच्या भिंगांच्या कडा बऱ्याचदा धूसर असतात, वस्तू मधोमध ठेवा.

खडपातली डबकी

शेवटी माझी सगळ्यात आवडती जागा, ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, उघडी पडणारी पाण्याची डबकी. समुद्रफुलं, शंख, बारक्या कुर्ल्या, खडकाला चिकटलेली कालवं. कधी जायचं ते गावातल्या जुन्या हिशोबाने कळतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती, तिथून सहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे पहाटे पाच-साडेपाच आणि संध्याकाळी पाच-साडेपाच. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी सगळ्यात लांब जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. मॅक्रोसाठी संध्याकाळची बरी, उजेड हातात असतो. तरी त्या दिवसाची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात एकदा बघून घ्या.

इथे कोनाचा नियम आणखी कडक होतो. पाण्याकडे तिरकं बघितलंत तर पाणीच चित्र मोडतं, तळातलं समुद्रफूल कितीही फोकस केलं तरी पूर्ण शार्प येत नाही. कॅमेरा सरळ खाली, लेन्स पाण्याला काटकोनात. असं सरळ बघितलं की एक बक्षीस पण मिळतं, पाण्यातली खोली आपल्याला पाऊणपटच भासते, म्हणजे तेवढ्याच अपर्चरला पाण्यातली खरी डेप्थ सव्वापटीहून थोडी जास्त पदरात पडते. अडचण आकाशाच्या प्रतिबिंबाची. त्याला सगळे पोलरायझर सांगतात, पण पोलरायझर पाण्याकडे तिरकं, उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांवरून बघितल्यावर सगळ्यात चांगला चालतो, आणि सरळ खाली बघताना जवळजवळ काहीच करत नाही. इथे उपाय काळी छत्री. सोबत कुणीतरी असेल त्याला डबक्यावर छत्री धरायला सांगा, आकाश झाकलं गेलं की तळ आरशासारखा स्वच्छ दिसतो. कपडेही गडद घाला, पांढरा शर्ट पाण्यात दिसतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला, तिरका धरा, म्हणजे त्याचा चकाका दुसरीकडे जातो. समुद्रफूल ओंजळीएवढ्या पाण्यातसुद्धा हलत असतं, त्यामुळे इथे स्टॅकिंगच्या नादी लागू नका, एफ११, फ्लॅश, आणि एका लाटेनंतर पाणी स्थिर झालं की फोटो.

पायात घट्ट चप्पल हवी, शेवाळ घसरतं आणि कालवं ब्लेडसारखी कापतात. एक दगड आधी नजरेत धरून ठेवा, पाणी त्याच्यावर चढायला लागलं की उठायचं, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बसलं की मागून पाणी आलेलं कळत नाही. घरी आल्यावर कॅमेरा आणि लेन्सचं बाहेरचं अंग गोड्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, पुढच्या काचेवरचे खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आधी फुंकून आणि भिजवून काढा, सुके घासू नका. मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं. पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात ठेवलात तर गणपतीपर्यंत लेन्सच्या आत बुरशीचे धागे दिसायला लागतील.